धडा कानावर घालताना

ज्याला पुष्कळ ठाऊक आहे अशा माणसाला आपली भाषा ‘बहुश्रुत’ म्हणते. पुष्कळ वाचलेला नव्हे, पुष्कळ ऐकलेला! पाढे, परवचा, कीर्तन, आजीच्या गोष्टी या साऱ्या शिक्षणाचे दार कान हेच होते. पुढे छापील पुस्तके आली, परीक्षा आल्या आणि शाळेत कानाचा उपयोग गुरुजींनी पिळण्यापुरता उरला. (आता तोही कायद्याने बंद आहे, हे बरेच झाले.) त्यामुळे ‘पॉडकास्ट’ नावाचे प्रकरण शाळा-कॉलेजांत शिरू लागले, तेव्हा मला ते परके वाटले नाही. घरचेच कोणी परदेशी कपडे घालून यावे, तसे वाटले.

हा शब्द तसा अपघातानेच जन्मला. फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्स्ली या ब्रिटिश पत्रकाराने ‘गार्डियन’मधल्या एका लेखात ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ यांची सांधेजोड करून तो सुचवला. आयपॉड हे यंत्र २०२२ मध्ये बंद झाले, शब्द मात्र राहिला. म्हणजे काय, तर मागणीनुसार ऐकायचा रेडिओ. आकाशवाणीवरचा शालेय कार्यक्रम ठरल्या वेळी लागायचा आणि हुकला की हुकला. पॉडकास्ट थांबवता येतो, मागे नेता येतो. वर्गात ‘बाई, पुन्हा सांगा ना’ म्हणायला लाजणाऱ्या मुलाला तो दहा वेळा पुन्हा सांगतो, तेही न वैतागता. हे मला मात्र दर वेळी जमतेच असे नाही.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २००४ मध्येच पहिल्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले होते. पुढच्याच वर्षी सरसकट वाटप थांबले आणि ज्या विषयांत त्याचा खरोखर उपयोग होत होता, त्या विषयांपुरतेच ते ठेवले गेले. यंत्र आधी आणि अभ्यासक्रम मागाहून, ही घाई फक्त आपल्याकडेच होते असे नाही.

मग कानाने शिकल्याने काही पदरात पडते का? २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या काही प्राध्यापकांनी मानसशास्त्राचे एक व्याख्यान निम्म्या मुलांना वर्गात दिले आणि निम्म्यांना ध्वनिमुद्रित करून दिले. चाचणीत वर्गातल्यांना सरासरी ६२, तर ऐकणाऱ्यांना ७१ गुण पडले. झाले, ‘आता प्राध्यापक हवेत कशाला’ अशी चर्चा सुरू झाली! पण हा फायदा पुन्हापुन्हा ऐकून टिपणे काढणाऱ्यांचा होता. नुसते ऐकून सोडणारे वर्गातल्यांपेक्षा फारसे पुढे नव्हते. पुढच्याच वर्षी आणखी एका प्रयोगात एकच मजकूर काहींना वाचायला आणि काहींना ऐकायला दिला. वाचणाऱ्यांना ८१ टक्के मिळाले, ऐकणाऱ्यांना ५९. तेव्हा पुस्तकाची जागा पॉडकास्ट घेईल, असे मला वाटत नाही. कानात बोंडे घालून इन्स्टाग्राम चाळणारा मुलगा ‘अभ्यास करतोय’ म्हणाला, तर आईबापांनी त्यावर विश्वास ठेवू नये!

खरी गंमत आहे ती मुलांनीच पॉडकास्ट करण्यात. अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओने २०१९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी अशी पहिली स्पर्धा घेतली. टेनेसी राज्यातल्या मुलांनी शेजारच्या अर्विन गावाची गोष्ट निवडली. या गावी १९१६ मध्ये सर्कशीतल्या एका हत्तिणीला रेल्वेच्या क्रेनला चक्क फाशी दिले होते. हा डाग घेऊन ते गाव कसे जगते, हे मुलांनी माणसांना भेटून शोधले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या शाळकरी मुलींनी विषय घेतला मासिक पाळीचा, आणि त्याविषयी सगळे कुजबुजतच का बोलतात याचा. दोन्ही गटांना पहिला क्रमांक मिळाला. या मुलांच्या हाती पडले ते कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडले असते?

मी दुष्काळी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मुलाखत लेखन हा घटक आमच्याकडे ठरलेल्या दहा प्रश्नांत उरकला जातो. एका वर्षी मी नववीच्या मुलांना सांगितले, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ७२च्या दुष्काळाबद्दल विचारा आणि फोनवर मुद्रित करून आणा. सुकडी आली, लाल मिलोच्या भाकरी आल्या, आटलेल्या विहिरी आल्या. एका मुलाची आजी म्हणाली, ‘दिसभर खडी फोडायची, पर ब्रास भरला तरच पैकं.’ ब्रास म्हणजे काय, हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. गणिताच्या सरांना बोलावले. शंभर घनफूट, ते म्हणाले, आणि पटांगणात दहा फूट लांब, पाच फूट रुंद चौकोन आखून दोन फुटांची काठी उभी केली. एवढा ढीग हातोडीने! मुले त्या चौकोनाभोवती बराच वेळ उभी होती. घनफळाचा धडा त्यांचा आधीच होऊन गेला होता. मार्कही बरे पडले होते.

मग कापाकापी सुरू झाली. दीड तासाच्या बोलण्यातून दहा मिनिटे निवडायची, म्हणजे कोणते वाक्य ठेवायचे यावर भांडायचे. निबंधाचा मसुदा दुसऱ्यांदा न लिहिणारी मुले निवेदनाचे एक वाक्य सात-सात वेळा बदलत होती. एक आजी बोलता बोलता रडली होती. ते ठेवावे का, यावर वर्गात दोन तट पडले. अखेर तिलाच विचारायचे ठरले. ‘ठेवा की, खोटं हाय का काय?’ असे उत्तर आले.

खर्च म्हणाल तर नाहीच्या बरोबर. साध्या प्रतीचे बोलणे मिनिटाला अर्धा एमबी जागा घेते. तेवढ्याच वेळेचा व्हिडिओ कितीतरी पट जास्त. २०२०च्या टाळेबंदीत नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम चालला, तोही याच हिशेबाने. स्मार्टफोन नसलेल्या घरातही आवाज पोहोचतो. अर्थात ज्याला ऐकू येत नाही त्या मुलासाठी सगळे लिहून काढावे लागते. ते काम वेळखाऊ आहे आणि बहुधा शिक्षकाच्याच गळ्यात पडते.

दिवाळीनंतर आमच्या वर्गातली काही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. मागच्या हंगामात मी त्यांच्या फोनमध्ये मराठीचे आठ धडे बोलून भरून दिले. जानेवारीत त्यांतल्या एका मुलीकडून चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण आले. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे, आणि मागे कोयत्याचा आवाज. शेवटी ती म्हणते, ‘बाई, चार्जिंग कारखान्यावर करावं लागतंय, म्हणून उशीर झाला.’ हजेरीपटावर त्या दिवशी ती गैरहजर आहे. तिथे काय मांडायचे, हे विचारायला मी ते ध्वनिमुद्रण मुख्याध्यापकांना ऐकवले आहे.