रक्तदाबाची किल्ली किडनीच्या हाती

बीपी म्हटलं की लोकांना डोकं आठवतं, राग आठवतो, टेन्शन आठवतं. वस्तीत तपासणीला बसलो की कुणीतरी आम्हाला हमखास विचारतं, “मला कसलंच टेन्शन नाही, मग बीपी कसा?” दुसरं वाक्यही ठरलेलं असतं. “गोळी घेतली, बरं वाटलं, म्हणून बंद केली.” दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, की बीपी हा डोक्याचा किंवा मनाचा आजार आहे. रक्तदाब वर्षानुवर्षं किती राहावा, हे ठरवण्यात मोठा वाटा असतो तो पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खाली असलेल्या दोन किडन्यांचा. हे नीट समजलं, की गोळी का सोडायची नाही तेही समजतं.

किडनी फक्त लघवी तयार करत नाही

किडनी म्हणजे मूत्रपिंड. आकार आपल्या मुठीएवढा. एकेका किडनीत सुमारे 10 लाख बारीक गाळण्या असतात. हृदय दर मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं, त्यातलं जवळपास 1 लिटर एकट्या किडन्यांकडे जातं. दिवसभरात किडन्या सुमारे 180 लिटर पाणी गाळतात, पण लघवी होते दीड लिटरच्या आसपास. बाकीचं पाणी आणि मीठ त्या पुन्हा रक्तात घेतात.

किती परत घ्यायचं आणि किती सोडून द्यायचं, या हिशेबावर रक्तदाब अवलंबून असतो. नळाला लावलेल्या पाइपात दाब दोन प्रकारे वाढतो. पाणी जास्त सोडलं तर, नाहीतर पाइप दाबून अरुंद केला तर. शरीरातही तसंच आहे, आणि या दोन्ही गोष्टींवर किडनीचा ताबा असतो.

हार्मोनची साखळी

उन्हात निंदायला गेलेली किंवा बांधकामावर विटा वाहणारी बाई घ्या. घामातून पाणी आणि मीठ जातं. कामावर संडासाची सोय नसते, म्हणून कित्येक बाया पाणीच पीत नाहीत. रक्तातलं पाणी कमी होऊन दाब उतरू लागतो. किडनीतल्या पेशींना ते लगेच कळतं आणि त्या रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडतात.

लिव्हरने तयार केलेलं एक प्रथिन रक्तात फिरत असतं. रेनिन त्याचा तुकडा पाडतं. तो तुकडा मुख्यतः फुप्फुसातून जाताना बदलतो आणि त्याचं अँजिओटेन्सिन-2 हे ताकदवान हार्मोन बनतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, तहान लावतं आणि किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं, मीठ जाऊ देऊ नकोस. मिठामागे पाणीही थांबतं. मेंदूतून येणारं आणखी एक हार्मोन पाणी राखून ठेवतं. म्हणून त्या बाईची लघवी संध्याकाळी थोडी आणि गडद पिवळी होते. उलट शरीरात पाणी जास्त झालं, की ताणलेलं हृदयच एक हार्मोन सोडतं आणि किडनीला मीठ-पाणी बाहेर टाकायला सांगतं.

जुलाब झाले, रक्त गेलं, तर हीच साखळी जीव वाचवते.

साखळी उलटते तेव्हा

1898 साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, तर त्यांचा रक्तदाब वाढला. रेनिन हे नाव तेव्हाचं. 1934 मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी चिमट्याने थोडी आवळली. किडनीला रक्त कमी मिळालं आणि सगळ्या शरीराचा दाब चढला. डोक्याला, मनाला हातही लावला नव्हता.

बहुतेक रुग्णांत बीपीचं एकच कारण सापडत नाही. वय, अनुवंश, जास्त मीठ, वजन, दारू यांची भर पडत जाते. टेन्शननेही दाब चढतो. पण निरोगी किडनी वाढलेला दाब पाहून जादा मीठ-पाणी बाहेर टाकते आणि दाब खाली आणते. बीपीच्या रुग्णाची किडनी चढलेल्या दाबालाच नेहमीचा दाब समजू लागते आणि तोच राखून ठेवते.

पुढे दुष्टचक्र सुरू होतं. जास्त दाबाने किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, गाळण्या मरतात. उरलेल्या गाळण्यांना मीठ बाहेर टाकणं जमत नाही, दाब आणखी चढतो. या सगळ्यात दुखत काहीच नाही. एक किडनी दान केलेला माणूसही चांगला जगतो, एवढी राखीव ताकद शरीरात असते. म्हणून पायाला सूज, दम, उलट्या सुरू होईपर्यंत बरंचसं काम बंद पडलेलं असतं. मग डायलिसिस. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास. 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सेवा मोफत आहे. पण गाडीभाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी कोण देणार?

गोळी नेमकं काय करते

टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचा हुकूम रक्तवाहिन्यांपर्यंत पोचू देत नाही. एनालाप्रिल, रॅमिप्रिल हे हार्मोन तयारच होऊ देत नाहीत. अॅम्लोडिपिन रक्तवाहिनी सैल करतं. लघवीची गोळी किडनीतून मीठ काढते. यातली कोणतीही गोळी किडनीची बिघडलेली सवय कायमची मोडत नाही. गोळी पोटात आहे तोवर दाब आवाक्यात राहतो. ती थांबली की किडनी पुन्हा दाब जुन्या जागी नेते, काही दिवसांत किंवा आठवड्यांत. “बरं वाटतंय” म्हणजे गोळी काम करतेय.

अंगदुखीच्या गोळ्या

कष्टाने कंबर-गुडघे दुखतात, म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून आपली माणसं रोज घेतात. या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, मीठ-पाणी साचतं, बीपी चढतो आणि बीपीच्या गोळीचा असरही कमी होतो. त्यात बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि अंगात पाणी कमी, असं एकत्र आलं तर किडनी अचानक बंद पडू शकते. दुखणं खोटं नाही. पण डॉक्टरांना बीपी आहे हे सांगून त्यांच्याकडूनच औषध घ्या.

एवढं कराच

• तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी मोजा. आधी पाच मिनिटं शांत बसा. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा जास्त आला तर उपचार हवेत.

• बीपी किंवा शुगर असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. डॉक्टरांनी सांगितलं नाही तर आपण मागा.

• दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चहाचा एक चमचाही नाही. लोणचं, पापड, सुकट, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरा. सैंधव हेही मीठच.

• ‘कमी सोडियमचं’ मीठ विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यात पोटॅशियम असतं. किडनीच्या रुग्णाला आणि टेल्मिसार्टन, एनालाप्रिलसारख्या गोळ्या घेणाऱ्याला ते धोक्याचं ठरू शकतं.

• दिवस गेले असतील किंवा राहावेत असं वाटत असेल, तर टेल्मिसार्टन, एनालाप्रिल चालत नाहीत. लगेच डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या.

• जुलाब-उलट्या झाल्या तर गोळ्यांचं काय करायचं, ते त्याच दिवशी विचारा.

• सरकारी आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात. “साठा संपला” म्हणाले तर परत फिरू नका. कधी येणार आणि तोवर कुठे मिळतील, ते विचारून घ्या. चार-पाच जणी मिळून गेलात तर उत्तर लवकर मिळतं.