पाठमोरा जिंकणारा दत्तू : दुष्काळी गावातल्या वल्हेकऱ्याच्या नऊ भन्नाट गोष्टी

रोह्याला वल्ह्याची ओळख करून द्यावी लागत नाही. वर कोलाडला कुंडलिकेत राफ्ट उसळतात, खाली खाडीत होड्या चालतात. याच वल्ह्याच्या जोरावर नाशिक जिल्ह्यातला एक पोरगा ऑलिंपिकला गेला आणि आशियाई सुवर्ण घेऊन आला. त्याचं नाव दत्तू बबन भोकनळ. कुंडलिकेकाठच्या प्रत्येक पोराला माहीत असाव्यात अशा त्याच्या नऊ गोष्टी.

1. पाण्यासाठी दगड फोडणारा

दत्तूचा जन्म 5 एप्रिल 1991 चा. गाव तळेगाव रोही, तालुका चांदवड. हा टापू अवर्षणाचा. इथं पाणी हवं तर कातळ फोडून खाली उतरावं लागतं. दत्तूनं वडिलांबरोबर विहिरी खोदल्या, दगड फोडले, पेट्रोल पंपावरही काम केलं. पुढे ज्या खांद्यांनी आणि पाठीनं वल्हं ओढलं, त्यांची पहिली तालीम विहिरीच्या तळाशी झाली.

2. एकविसाव्या वर्षी श्रीगणेशा

वडील गेले, घराची जबाबदारी अंगावर आली आणि 2012 मध्ये दत्तू लष्करात भरती झाला. पुण्यात खडकीचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप हे त्याचं घर झालं. सहा फुटांहून अधिक उंची आणि लांब हात प्रशिक्षकांच्या नजरेत भरले. दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये लष्कराचं रोइंग केंद्र आहे. तिथं त्यानं पहिल्यांदा शर्यतीचं वल्हं हातात घेतलं. सुरुवातीला त्याला पाण्याची चक्क भीती वाटायची! ती त्यानं रोजच्या सरावानं मोडून काढली.

3. आपलं पाणी, त्याचं पाणी

आता खास रोहेकरांसाठी. दापोडी आणि खडकी ही पुण्याची उपनगरं मुळा नदीकाठची. ह्याच मुळेचं पाणी वर मुळशीला अडवलंय आणि तिथून बोगद्यांतून व मोठ्या नळांतून ते सह्याद्रीच्या पायथ्याशी, भिऱ्याच्या वीजकेंद्रावर उतरतं. वीज करून झाली की ते कुंडलिकेत सोडतात. त्यावरच कोलाडचं राफ्टिंग चालतं आणि तेच पाणी पुढे रोह्यावरून समुद्राकडे जातं. म्हणजे दत्तू ज्या नदीच्या काठावर घडला, तिचंच पाणी आपल्या गावातून वाहतं. मध्ये फक्त एक घाट!

4. पाठ करून पळायची शर्यत

राफ्टमध्ये आपण तोंड पुढे करून बसतो आणि वल्हं हातात मोकळं असतं. रोइंगमध्ये सगळं उलट. वल्हं होडीच्या बाजूच्या कडीत अडकवलेलं आणि खेळाडूची पाठ शेवटच्या रेषेकडे. तो जिथं चाललाय ते त्याला दिसत नाही. जिथून निघालाय ते दिसतं. त्यामुळे आघाडीवर असलेल्याला सगळे प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर असतात. मागे पडलेल्याला मात्र पुढच्यांना बघायचं तर मान वळवावी लागते, आणि तेवढ्यानंही होडीचा तोल बिघडू शकतो.

5. फूटभर रुंद, चौदा किलोची

दत्तूचा वैयक्तिक प्रकार सिंगल स्कल्स : एक माणूस, दोन वल्ही. होडीची लांबी आठ मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम फूटभर. नियमानं तिचं वजन किमान 14 किलो भरावं लागतं. म्हणजे खेळाडू स्वतःची होडी डोक्यावर घेऊन पाण्यापर्यंत चालत जातो.

हा हातांचा खेळ, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मोठा जोर पायांचा. बूट होडीतच घट्ट बसवलेले असतात आणि बैठक रुळांवर मागेपुढे सरकते. पाय रेटायचे, मग पाठ, शेवटी हात. हे मिनिटाला तीस-पस्तीस वेळा, आणि सलग सात मिनिटं!

6. चार वर्षांत रिओ

2014 च्या राष्ट्रीय स्पर्धेत दत्तूनं दोन सुवर्णपदकं जिंकली. 2015 मध्ये बीजिंगला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य मिळवलं. एप्रिल 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथल्या पात्रता स्पर्धेतून त्यानं रिओ ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं. पहिलं वल्हं ते ऑलिंपिक, अवघी चार वर्षं. भारतातर्फे रिओला गेलेला तो एकमेव रोइंगपटू होता. याच काळात त्याच्या आईला मोठा अपघात झाला होता, तिची स्मृती हरपली होती. मनावर एवढं ओझं घेऊन तो स्टार्टला उभा राहिला.

7. जिंकूनही तेरावा

रिओत दत्तू हीटमध्ये तिसरा आला आणि उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तिथं 6 मिनिटं 59.89 सेकंदांत चौथा. पहिले तिघेच पुढे जाणार होते! पण रोइंगमध्ये हरलेल्याला लगेच घरी पाठवत नाहीत. पदकाची शर्यत म्हणजे फायनल ए. उरलेल्या क्रमांकांसाठी फायनल बी, सी अशा शर्यती होतात. दत्तूनं फायनल सी 6 मिनिटं 54.96 सेकंदांत चक्क जिंकली. म्हणून जगभरातल्या 32 जणांत त्याचा क्रमांक तेरावा. ऑलिंपिकच्या सिंगल स्कल्समध्ये तोवर कुणाही भारतीयाला इतकं वर जाता आलं नव्हतं.

त्याच स्पर्धेतली आणखी एक गंमत : सुवर्ण जिंकणारा न्यूझीलंडचा माहे ड्रायसडेल आणि रौप्यवाला क्रोएशियाचा डामिर मार्टिन, दोघांचीही वेळ 6 मिनिटं 41.34 सेकंद! 2000 मीटरनंतर निकाल छायाचित्रानं लावावा लागला. शर्यती वेगळ्या होत्या हे धरूनही, दत्तूची वेळ सुवर्णाच्या वेळेपासून 13.62 सेकंदच लांब होती.

8. काल शेवटचा, आज पहिला

ऑगस्ट 2018, इंडोनेशियातलं पालेम्बांग, आशियाई क्रीडा स्पर्धा. 23 तारखेला सिंगल स्कल्सच्या अंतिम शर्यतीत दत्तू आजारी होता, अंगात त्राण नव्हतं. तरी त्यानं होडी रेषेपार नेली. सहावा, म्हणजे शेवटचा.

दुसऱ्याच दिवशी, 24 तारखेला, तो पुन्हा पाण्यात उतरला. या वेळी क्वाड्रपल स्कल्स : चार खेळाडू, आठ वल्ही आणि दिशा सांगायला वेगळा सुकाणूवाला नाही. सोबत पंजाबचा स्वर्ण सिंग, तसेच ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग. चौघांनी 6 मिनिटं 17.13 सेकंदांत सुवर्ण खेचून आणलं. यजमान इंडोनेशिया दुसरे, थायलंड तिसरं. वेग काढला तर ताशी 19 किलोमीटरहून जास्त. सायकल जोरात हाणावी तसा, पण पाण्यावर आणि पाठमोरा!

आशियाई स्पर्धेच्या इतिहासात रोइंगमधलं भारताचं हे दुसरंच सुवर्ण. पहिलं 2010 मध्ये ग्वांगझूला बजरंगलाल ताखरनं मिळवलं होतं. ताखरही लष्कराचाच आणि राजस्थानातल्या सीकरचा, म्हणजे तोही कोरड्या मुलखातलाच. 2020 मध्ये दत्तूला अर्जुन पुरस्कार मिळाला.

9. उशीर झालाय, असं म्हणायचं नाही

वयाचा हिशेब करून बघा. 21 व्या वर्षी पहिलं वल्हं, 25 व्या वर्षी ऑलिंपिक, 27 व्या वर्षी आशियाई सुवर्ण. क्रिकेटमध्ये किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये विशीनंतर सुरुवात करून इथवर पोहोचणं जवळपास अशक्य. रोइंगमध्ये ते जमतं, कारण इथं लागते ती उंची, दमसास, पायांतली ताकद आणि रोज पहाटे उठायची चिकाटी. यातलं बरंच काही शेतात, डोंगरात आणि होडीवर राबणाऱ्या घरांतून आयतं येतं, आणि अशी घरं रायगड जिल्ह्यात गावोगाव आहेत.

म्हणून एक मनापासून सांगणं. तुमच्या शाळेत, वाडीत, कबड्डीच्या संघात एखादा उंच, दणकट, न थकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांच्या कानावर या खेळाचं नाव घाला. पुण्यात लष्कराचं केंद्र आहे, नदीकाठचे जुने बोट क्लब आहेत, आणि लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या कोवळ्या वयातच मुलं निवडून घडवतात. वाट आपल्या माहितीचीच आहे : कोलाडहून ताम्हिणी चढायचा, मुळशी ओलांडायची आणि पुण्यात उतरायचं. विहिरी खोदणाऱ्या घरातला दत्तू तिथून जगापर्यंत पोहोचला. नदीकाठच्या पोरांनी तर जायलाच हवं.