गणित शाबूत, माणूस फुटला

१९ जुलै २०२५च्या पहाटे कॉइनडीसीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून एक यूएसडीटी बाहेर गेला. एक यूएसडीटी म्हणजे साधारण एक डॉलर. कोणाच्या डोळ्यांवर येण्याजोगी रक्कम नव्हे. काही तासांनी त्याच वाटेने सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे पावणेचारशे कोटी रुपयांच्या वर, निघून गेले. बेंगळुरूत तक्रार झाली आणि व्हाइटफील्डच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्हे) पोलिसांनी कंपनीच्याच एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला अटक केली. पोलिसांचं म्हणणं असं, की तो ऑफिसच्या लॅपटॉपवर अनोळखी लोकांची जोडकामं करत होता आणि कामाच्या नावाखाली आलेल्या फाइलींमधून कोणीतरी त्या लॅपटॉपमध्ये शिरलं. ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवलेले होते, ते वाचले. तोटा कंपनीने स्वतःच्या गंगाजळीतून सोसला.

बिटकॉइन २००९च्या जानेवारीत सुरू झालं. तेव्हापासून त्यामागचं गणित कोणी फोडलेलं नाही, आणि फोडायची गरजही पडत नाही. माणूस फोडता येतो, ते स्वस्तात होतं. क्रिप्टोच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीबद्दलचे आपले गैरसमज बहुतेक इथूनच सुरू होतात. आपण तंत्रज्ञानाकडे संशयाने बघत बसतो आणि व्हॉट्सअॅपवर गोड बोलणारा माणूस मोकळा सुटतो.

‘शिकलेली माणसं फसत नाहीत’

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२३च्या आकडेवारीत देशातल्या महानगरांपैकी सायबर गुन्ह्यांची सर्वाधिक नोंद बेंगळुरूत आहे, १७ हजारांहून जास्त. आयटीवाल्यांचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरात. बेंगळुरू पोलिसांकडे तक्रारी नोंदवण्याची सोय बरी आहे, हेही यामागचं एक कारण असेल. पण दुसरं कारण सरळ आहे: भामटा तिथेच जातो जिथे पगार आहे, डीमॅट खातं आहे, मोबाइलवरून दहा लाख हलवण्याची सवय आहे आणि ‘मला यातलं कळतं’ असा विश्वास आहे. शेवटची गोष्ट त्याच्या सगळ्यात जास्त कामाची.

‘एवढा मोठा माणूस खोटं कशाला सांगेल?’

तो सांगतच नाही. इन्फोसिसचे नारायण मूर्ती आपोआप नफा कमावून देणाऱ्या ट्रेडिंग अॅपची शिफारस करताहेत, अशा बातम्या आणि व्हिडिओ २०२३च्या अखेरीस इतके फिरले, की त्यांना स्वतः जाहीर खुलासा करावा लागला: माझा यांच्याशी काही संबंध नाही. तरी २०२४मध्ये मूर्ती आणि मुकेश अंबानी यांचे बनावट व्हिडिओ पाहून बेंगळुरूतल्या लोकांनी लाखो रुपये घालवले. मराठी घरांत मूर्ती दांपत्याबद्दल जिव्हाळा आहे. सुधाताईंची पुस्तकं आपल्याकडे भेट म्हणून दिली जातात. हा जिव्हाळाच इथे भांडवल होतो. चेहरा आणि आवाज आता पुरावा राहिलेला नाही. व्हिडिओत ओठ नीट जुळताहेत का, हे निरखत बसण्यात अर्थ नाही, कारण ते दर महिन्याला जास्त चांगले जुळू लागले आहेत. प्रश्न एकच: हा माणूस ठराविक परताव्याचं आश्वासन देतोय का? देत असेल तर तो खरा असला काय आणि खोटा असला काय, उत्तर बदलत नाही.

‘मी आधी थोडे पैसे काढून बघितले, मिळाले’

हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो सावध माणसाचा आहे.

सुरुवात बहुतेकदा टेलिग्रामवर होते. हॉटेलला रेटिंग द्या, व्हिडिओ लाइक करा, दीडशे रुपये मिळतील. मिळतात. मग एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतात, तिथे एक ‘सर’ असतात आणि दररोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे शे-दीडशे सभासद. त्यांतले बहुतेक त्याच टोळीचे. काही वेळा ग्रुपऐवजी एखादी ओळख असते, विवाहजुळणीच्या साइटवरची किंवा ‘चुकून’ आलेल्या मेसेजमधली, जी आठवडेच्या आठवडे फक्त जेवलात का विचारते आणि मग एके दिवशी काकांच्या क्रिप्टोमधल्या कमाईचा विषय काढते. पुढे एक लिंक येते आणि अॅप उतरवायला सांगतात, प्ले स्टोअरच्या बाहेरून. अॅप अगदी खऱ्या एक्स्चेंजसारखं दिसतं. आलेख हलतात, शिल्लक वाढते. तुम्ही दोन हजार काढायला टाकता आणि ते तुमच्या बँकेत येतात.

ते दोन हजार तुमच्या गुंतवणुकीतून आलेले नसतात. आदल्या दिवशी फसलेल्या दुसऱ्या कोणाचे असतात. अॅपमध्ये बिटकॉइन नाही, बाजार नाही, काहीच नाही. तिथे फक्त एक आकडा आहे आणि तो आकडा दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस हवा तसा टाइप करतो. तुम्ही भरलेले रुपयेसुद्धा कुठल्या एक्स्चेंजकडे गेलेले नसतात. ते गेले एखाद्या ट्रेडिंग कंपनीच्या किंवा कोण्या अनोळखी व्यक्तीच्या बँक खात्यात, यूपीआयने. दर वेळी वेगळं खातं. खरं एक्स्चेंज तुमच्याकडून कधीही असे वेगवेगळ्या माणसांच्या नावावर पैसे मागत नाही, आणि एवढी एक खूण पाहिली तरी बरेच जण तिथेच थांबतील.

खरी रक्कम अडकली की मग कर येतो. ‘तुमचा नफा ४० लाख झाला आहे, तो काढण्यासाठी आधी ३० टक्के कर भरा.’ ही थाप पटते, कारण ३० टक्क्यांचा कर खरोखर आहे. १ एप्रिल २०२२पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर आपल्याकडे ३० टक्के प्राप्तिकर लागतो. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस लागू झाला. पण प्राप्तिकर सरकारला भरायचा असतो, तुमच्या पॅनवर, आयकर विभागाच्या पोर्टलवरून. टीडीएस रकमेतून कापला जातो. तुम्ही वरून पैसे घालायचे नसतात. तुमचेच पैसे देण्याआधी जो आणखी पैसे मागतो, त्याच्याकडे तुमचे पैसे नाहीत.

‘आमच्या ओळखीतल्याने घेतलंय’

यासाठी बेंगळुरूहून पुण्याला यावं लागेल. गेनबिटकॉइनची योजना २०१५च्या सुमाराची: तुमची बिटकॉइन द्या, अठरा महिने दर महिन्याला दहा टक्के घ्या. क्लाउड मायनिंग असं भारदस्त नाव होतं, आतून साखळी योजना. सूत्रधार अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८मध्ये पकडलं. जानेवारी २०२२मध्ये तो वारला. त्याच्या अटकेच्या आधीच, नवे लोक येणं आटलं तेव्हा, परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या घरच्याच टोकनमध्ये दिला जाऊ लागला, ज्याची किंमत त्या मानाने नगण्य होती. सर्वोच्च न्यायालयाने सगळे गुन्हे सीबीआयकडे सोपवल्यावर फेब्रुवारी २०२५मध्ये जे छापे पडले, त्यांत पुणे, कोल्हापूर, नांदेड आणि बेंगळुरूही होतं. नांदेड आणि कोल्हापूरपर्यंत हे टीव्हीवरच्या जाहिरातींनी पोचलं नाही. साडू, मेव्हणा, बँकेतला जुना सहकारी अशा वाटेने पोचलं. वर आणणाऱ्याला कमिशन होतं, आणि आणणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतःचेही पैसे घातले होते, म्हणून ते खोटं बोलत नव्हते.

याच प्रकरणाला आणखी एक पदर आहे. बिटकॉइन कोणालाच कळत नव्हतं म्हणून पुणे पोलिसांनी तपासात बाहेरचे दोन तज्ज्ञ घेतले. मार्च २०२२मध्ये पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली. आरोप असा, की आरोपींच्या वॉलेटमधली काही बिटकॉइन त्यांनी स्वतःकडे वळवली आणि पोलिसांना फेरफार केलेले स्क्रीनशॉट दिले. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून फक्त नवखेच बुडतात असं नाही.

‘भारतात क्रिप्टो बेकायदा आहे’ आणि त्याचा जुळा भाऊ, ‘नोंदणी आहे म्हणजे सुरक्षित आहे’

ऑक्टोबर २०१८मध्ये बेंगळुरूच्या ओल्ड एअरपोर्ट रोडवरच्या केम्पफोर्ट मॉलमध्ये युनोकॉइनने एक यंत्र बसवलं, रोख रुपये भरायला आणि काढायला. वर्तमानपत्रांनी त्याला बिटकॉइनचं एटीएम म्हटलं. पोलिसांनी यंत्र उचललं, संस्थापकांना अटक झाली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवसायाशी व्यवहार करायला मनाई केली होती. ४ मार्च २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. आज स्थिती अशी: बाळगणं गुन्हा नाही, पण ते चलन म्हणून मान्य नाही. मार्च २०२३पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं आणि फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी सक्तीची झाली.

या नोंदणीचा अर्थ एवढाच, की ग्राहकाची ओळख पटवणं आणि संशयास्पद व्यवहार कळवणं एक्स्चेंजला भाग आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तसा इथे काही नाही. जुलै २०२४मध्ये वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले. नंतर अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने त्याचा ठपका उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवला. तिथल्या ग्राहकांचे पैसे वर्षभराहून जास्त काळ अडकले.

‘क्रिप्टोचा माग लागत नाही’

उलट, रोख नोटेइतकी गुप्त ती कधीच नव्हती. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्यासारखा कायम उघडा असतो; नाव मात्र नसतं, त्याऐवजी अक्षरांचा लांबलचक पत्ता असतो. तो पत्ता एखाद्या एक्स्चेंजवरच्या केवायसीला जोडला गेला की नावही कळतं. बिटफिनेक्समधून २०१६मध्ये चोरलेली ९४ हजारांवर बिटकॉइन अमेरिकी तपासयंत्रणांनी २०२२मध्ये अशाच मागावरून जप्त केली. म्हणून तक्रारीत वॉलेटचा पत्ता आणि व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळखक्रमांक) लिहिणं फुकट जात नाही. याची दुसरी बाजू अशी, की तुम्ही तुमचा पत्ता कोणाला दिलात तर त्यावरची शिल्लकही तो बघू शकतो. हौसेने ग्रुपवर टाकू नये.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ला एकमताने सांगितलं, ते बेंगळुरूच्या एका निवृत्त न्यायमूर्तींच्या याचिकेवरून. के. एस. पुट्टास्वामी तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते. याच शहरातला दुसरा प्रसंग कमी गौरवाचा: २७ मे २०२२ला आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या. दोन दिवसांत सरकारने पत्रक मागे घेतलं, चुकीचा अर्थ निघेल म्हणून. सल्ला मात्र चांगला होता, आणि मास्क्ड आधार आजही डाउनलोड करता येतं.

पुण्या-नागपूरहून बेंगळुरूत नोकरीला आलेलं पोर पहिल्याच आठवड्यात आधारची प्रत पीजीच्या मालकाला देतं, ब्रोकरला देतं, सिमवाल्याला देतं. त्या प्रतीवर कोणी दुसरं सिम घेतलं तर? संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं. लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसाचं नावच भामट्याला हवं असतं, कारण ते स्वच्छ असतं.

त्याहून वाईट म्हणजे स्वतःहून नाव भाड्याने देणं. ‘तुमचं खातं वापरू द्या, दोन टक्के कमिशन.’ विद्यार्थी याला भुलतात, आणि पोलिसांच्या हाती सगळ्यात आधी तेच लागतात. अनोळखी माणसाला यूएसडीटी विकून यूपीआयने पैसे घेतले आणि ते चोरीचे निघाले, तरी खातं गोठतं.

खरं जपायचं ते बारा किंवा चोवीस शब्दांचं सीड फ्रेज. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचं वॉलेट. पासवर्ड बदलून सुटका नाही. बहुतेक जण त्याचा स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवतात. फेब्रुवारी २०२५मध्ये कॅस्परस्कीने स्पार्ककॅट नावाचा मालवेअर उजेडात आणला; तो फोनमधल्या फोटोंतून नेमकं हेच वाचत होता, आणि तो अधिकृत अॅप स्टोअरवरच्या अॅपमध्येही सापडला. कागदावर लिहा, फोटो काढू नका. ओटीपी एसएमएसवर घेण्यापेक्षा ऑथेंटिकेटर अॅप बरं, कारण सिम पळवता येतं. व्हीपीएनबद्दल एवढंच, की तो तुमचा आयपी पत्ता लपवतो. स्वतःच्या हाताने खोट्या साइटवर लिहिलेला पासवर्ड तो लपवत नाही.

‘गेलेले पैसे आता काय मिळणार!’

तासाभरात १९३० लावला तर काही वेळा मिळतात. या हेल्पलाइनवरून बँकांना कळवलं जातं आणि पैसे पुढच्या खात्यात असतील तर तिथेच रोखले जातात. ते यूएसडीटी होऊन बाहेर पडले की काम अवघड होतं. कन्नड येत नाही म्हणून थांबू नका, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रार देता येते. पैसे बेंगळुरूत गेले आणि तुम्ही साताऱ्यात असाल तर साताऱ्याच्या ठाण्यातही गुन्हा नोंदवता येतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीचं कारण सांगून परत पाठवायची सोय ठेवलेली नाही. लाजेने चॅट पुसून टाकू नका. बँक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, खात्यांची नावं, वॉलेटचे पत्ते, ग्रुपमधले नंबर, अॅपची मूळ लिंक, हे सगळं जसंच्या तसं ठेवा.

आणि तक्रार केल्यानंतरच्या काही आठवड्यांत ‘तुमचे अडकलेले पैसे आम्ही ब्लॉकचेनवरून सोडवून देतो’ असा फोन आला, तर समोरच्याला तुमची रक्कम, तारीख आणि नाव कसं माहीत आहे याचं आश्चर्य मानू नका. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. तो फी मागेल. फोन ठेवा आणि तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.