बर्फाविना गुलमर्ग

जानेवारी २०२४च्या पहिल्या पंधरवड्यात गुलमर्गचे जे फोटो समाजमाध्यमांवर फिरले, त्यांत पांढरा रंग जवळजवळ नव्हताच. २१ डिसेंबरला सुरू होणारा कडाक्याच्या थंडीचा ४० दिवसांचा काळ, म्हणजे ‘चिल्लई कलान’, ऐन भरात होता. तरीही सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे हे कुरण वाळक्या गवताने तपकिरी दिसत होते. काश्मीरला हिवाळी बर्फ मिळतो तो पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे. त्या मोसमात जोरदार विक्षोभ जानेवारी सरत आला तरी फिरकले नव्हते.

बर्फ नव्हता, थंडी मात्र होती. आभाळ निरभ्र असले की जमिनीची उष्णता रात्रभर निघून जाते. दिवसा ऊन आणि रात्री पारा शून्याखाली, असा प्रकार. पहाटे गवताच्या पात्यांवर हिमतुषार जमतात. ऊन आले की ते विरतात. पण झाडाच्या सावलीत टिकून राहतात आणि जमिनीवर सावलीच्याच आकाराचा पांढरा पट्टा उमटतो. छायाचित्रकाराला अशा हिवाळ्यात टिपण्यासारखे बरेच असते.

फक्त हिशेब बदलावा लागतो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, म्हणून बर्फ मळकट येतो आणि एक्स्पोजर एक-दोन स्टॉप वाढवावे लागते. वाळक्या कुरणावर तीच सवय ठेवली, तर फोटो फिका पडतो. शिवाय सावल्या उजळणारा बर्फ खाली नसल्याने त्या गडद येतात. डिसेंबरअखेरीस इथे भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२-३३ अंश वर असतो. या तिरप्या उन्हात एरवी बर्फाखाली गडप होणाऱ्या घळी आणि पायवाटा ठसठशीत उठून दिसतात. दूरचे डोंगर मात्र पुसट येतात. हवेतली धूळ नि धूर धुऊन काढायला पाऊस-बर्फ नसतो आणि थंड हवेचा थर ते खोऱ्यात कोंडून ठेवतो.

असा फोटो पुरावा ठरतो का? एकटा नाही. जम्मू-काश्मीरचे नेते ओमर अब्दुल्ला यांनी त्या वेळी आधीच्या वर्षांतले जानेवारीचे फोटो शेजारी मांडले, म्हणून फरक डोळ्यांत भरला. तरी कारण फोटोत दिसत नाही. विक्षोभ आलेच नाहीत, की आले पण उबेमुळे बर्फाऐवजी पाऊस पडला, हे पर्जन्यमापक आणि तापमापकच सांगतात. पुढे जानेवारीच्या अखेरीस बर्फ पडला आणि फेब्रुवारीत गुलमर्गला हिवाळी क्रीडास्पर्धाही झाल्या. म्हणजे महिनाभराच्या अंतराने काढलेले दोन फोटो एकाच हिवाळ्याबद्दल परस्परविरुद्ध साक्ष देतील. त्यामुळे गुलमर्गला जाणाऱ्या पर्यटकाने फोटोसोबत तारीख, नेमकी जागा आणि कॅमेऱ्याची दिशा जरूर नोंदवावी. पुढच्या वर्षी तिथेच उभे राहणाऱ्या अनोळखी माणसालाही त्यावरून तुलना करता येईल.