रित्या तिजोरीचा चौथा क्रमांक

निपाणी-चिकोडीच्या मुलखात शर्यतीचा विषय निघाला की आजही प्रथम खिलार बैलांची जोडीच डोळ्यांपुढे उभी राहते. आणि एखादी नामांकित जोडी लागोपाठ दोन-तीन मैदानांत मागे पडली, तर गाडीवानाच्या नावाने बोटे मोडणारे नवखे कोण आणि खुराक, खूर व जू यांची चौकशी करणारे जाणते कोण, हे गर्दीत तत्काळ ओळखू येते. याच मुलखातील तरुण, आणि बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम व यंत्रकाम करणाऱ्यांपैकीही काहीजण, युरोपातील फॉर्म्युला वनच्या शर्यती रविवारी दिवेलागणीच्या सुमारास घरबसल्या पाहू लागले आहेत; आणि ज्या संघाने एके काळी आपल्या नावात ‘इंडिया’ मिरवले, त्याची साथ नाव, मालक व रंग बदलूनही ज्यांनी सोडली नाही, त्यांच्या वाट्याला अलीकडे मोठी विवंचना आली आहे.

या संघाची वंशावळ गुंतागुंतीची आहे. आयर्लंडचे एडी जॉर्डन यांनी इंग्लंडातील सिल्व्हरस्टोन येथे उभारलेला हा संघ १९९१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये दाखल झाला. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये याच संघाकडून धावला. पुढे मिडलँड आणि स्पायकर अशी नावे धारण करून तो २००७ मध्ये उद्योगपती विजय मल्ल्या व त्यांचे भागीदार यांच्या हाती आला आणि २००८ पासून ‘फोर्स इंडिया’ म्हणून मैदानात उतरला. पहिल्या वर्षी एकही गुण पदरी पडला नाही. परंतु ३० ऑगस्ट २००९ रोजी बेल्जियममधील स्पा येथे जानकार्लो फिसिकेला याने सर्वांच्या अग्रभागी उभे राहून शर्यत सुरू केली व दुसरा क्रमांक मिळविला. आणि तेथून पायरीपायरीने चढत २०१६ व २०१७ या दोन्ही वर्षी संघ चौथा आला. २०१७ मध्ये त्याच्या खात्यावर १८७ गुण होते, आणि विल्यम्स व मॅक्लारेन ही मातबर घराणी त्याच्या मागे होती.

आता या यशाशेजारी ताळेबंद उघडून ठेवावा. २०११ मध्ये ज्या सहारा समूहाने संघाचा ४२.५ टक्के हिस्सा घेतला, त्याचे प्रमुख सुब्रत रॉय २०१४ च्या फेब्रुवारीत अटकेत गेले. बँकांच्या कर्जवसुलीच्या प्रकरणांत गुंतलेल्या मल्ल्यांनी २०१६ च्या मार्चमध्ये देश सोडला. आणि २७ जुलै २०१८ रोजी, संघाचाच चालक सर्जिओ पेरेझ याच्या पुढाकाराने झालेल्या अर्जावरून, लंडनच्या न्यायालयाने संघाचा कारभार नियुक्त कारभाऱ्यांकडे सोपविला. कॅनडाचे धनिक लॉरेन्स स्ट्रोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मालमत्ता खरेदी केली, पण संस्था नवी ठरल्यामुळे त्या हंगामात कमावलेले ५९ गुण रद्द झाले. असे असताही पुढच्याच शर्यतीत, त्याच स्पा येथे, दोन्ही गाड्या पाचव्या व सहाव्या आल्या. मालकांची पत ढासळत असताना गाडीची प्रत सुधारत होती, ही गोष्ट चाहत्यांनी विसरू नये.

कारण पुढील अध्याय नेमका उलटा आहे. २०२१ पासून ‘ॲस्टन मार्टिन’ हे नाव लाभलेल्या या संघाला पैशाची ददात उरली नाही. नवा भव्य कारखाना उभा राहिला. आणि २०२३ मध्ये फर्नांडो अलोन्सो याने पहिल्या आठ शर्यतींपैकी सहांत पहिल्या तिघांत स्थान मिळविले. उरलेल्या चौदा शर्यतींत मात्र हे भाग्य अवघे दोनदा लाभले. त्या वर्षीचे २८० गुण २०२४ मध्ये ९४ वर आणि २०२५ मध्ये ८९ वर आले, आणि क्रमांक सातवा लागला.

ही घसरण चालकाच्या हाताची नव्हे. २०२२ च्या नियमांनुसार गाडीला धावपट्टीशी दाबून धरणारे बल फार मोठ्या अंशी तिच्या तळाखालून वाहणाऱ्या हवेतून निर्माण होत असे, आणि तळाच्या कडेचा किंचितसा बदलही गाडीचा सगळा तोल फिरवू शके. असा बदल प्रथम संगणकावर व विंड टनेलमधील, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यातील, प्रतिकृतीवर पारखला जातो. परंतु तेथे मिळालेले उत्तर प्रत्यक्ष मैदानावर, वळणाच्या मध्यावर व आडव्या वाऱ्यात, खरे ठरले नाही, तर संघ जितके नवे भाग बसवितो तितका गोंधळात रुततो. त्यात यशाचीही एक शिक्षा आहे: अग्रस्थानी असलेल्या संघाला विंड टनेलचा वापर ठरीव प्रमाणाच्या ७० टक्के, तर दहाव्याला ११५ टक्के करता येतो, आणि मधल्यांना त्याच उतरंडीने. शिवाय २०२१ पासून खर्चालाच कमाल मर्यादा असल्याने खजिना रिता करून चूक झाकण्याचा जुना मार्गही बंद झाला आहे.

तात्पर्य हे की, दारिद्र्याने संघाला प्रत्येक नवा भाग दहा वेळा तपासून मगच गाडीला लावण्याची सक्ती केली होती; संपत्तीने ती सक्ती उठवली, पण तिच्या जागी तितकीच कडक शिस्त अद्याप बसवलेली नाही. नामांकित रचनाकार एड्रियन न्यूई यांचे २०२५ मध्ये झालेले आगमन, स्वतःचे विंड टनेल आणि २०२६ पासून होंडाचे इंजिन ही साधने निःसंशय मोलाची आहेत. मात्र साधनांची यादी म्हणजे सुधारणा नव्हे. म्हणून निष्ठावंताने गुणतक्त्यावर डोळे लावून झुरण्यापेक्षा एकच गोष्ट पारखावी: बसविलेला नवा भाग पुढील दोन-तीन मैदानांवर टिकतो, की निमूटपणे काढून जुना परत लावला जातो. तो टिकू लागला तर सातवा क्रमांकही सोसण्याजोगा आहे. आणि टिकत नसेल, तर मधूनच लाभलेल्या एखाद्या तिसऱ्या क्रमांकाने हुरळून जाण्याचे काही कारण नाही.