ओलीचा हिशेब

डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, त्यावर नखभर चुना, मग उजव्या अंगठ्यानं मळणं आणि शेवटी दोन थापा. एसटी स्टँडवर, बांधावर, पारावर हे दृश्य न पाहिलेला मराठी माणूस सापडायचा नाही. चुना कशाला, असं मळणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘त्याशिवाय लागत नाही.’ उत्तर अगदी बरोबर आहे. पण का लागत नाही, हे मला कळलं ते सिगारबद्दल वाचताना. चुन्याचं कोडं सुटलं ते क्यूबाच्या पश्चिम टोकाला, दोऱ्यात ओवून टांगलेल्या पानांपाशी!

सिगारला आपल्याकडे जुना शब्द आहे, चिरूट. तो आला तमिळमधल्या ‘सुरुट्टु’वरून, अर्थ साधा, गुंडाळी. तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रज साहेबांनी जगभर नेले. चिरूट दोन्ही टोकांना उघडा असतो, सिगारचं एक टोक पानाच्या टोपीनं बंद असतं. कल्पना मात्र एकच: कागद नाही, नळी नाही, पानातच पान गुंडाळायचं. १४९२च्या नोव्हेंबरात कोलंबसची माणसं क्यूबात उतरली, तेव्हा तिथले ताइनो लोक अशाच पेटत्या गुंडाळ्या ओढताना त्यांना दिसले.

सिगारसाठी सगळ्यात नावाजलेली पानं पिकतात क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो या भागात. लालसर माती, उबदार कोरडा हिवाळा. तंबाखूचं बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त बिया मावतात. शिंक आली तर अख्खं शेत उडून जावं! या कणातून तीन-चार महिन्यांत पुरुषभर उंचीचं झाड उभं राहतं. निकोटिन तयार होतं मुळांत आणि वर चढून पानांत साठतं. झाडाच्या दृष्टीनं ते विष आहे, पानं कुरतडणाऱ्या किड्यांसाठी राखलेलं. फुलाचा कळा दिसला की शेतकरी तो खुडून टाकतो, म्हणजे झाडाची सगळी ताकद पानांत उतरते.

पान झाडावर कुठे आलं, यावर त्याचं नशीब ठरतं. तळाचं पान ते ‘व्होलादो’: चव बेताची, पण छान जळतं. मधलं ‘सेको’, सुगंधासाठी. वरचं ‘लिहेरो’, ऊन भरपूर खाल्लेलं, जाड, तेलकट आणि तिखट. म्हणून झाड एकदम कापत नाहीत. खालून वर, एका वेळी दोन-तीन पानं हातानं खुडायची, मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे. सिगारच्या बाहेरून जे पान दिसतं, त्याचं तर शेतच वेगळं. त्यावर मलमलीसारख्या विरविरीत कापडाचा मांडव घालतात. कापडाखाली उजेड कमी, म्हणून पान तो पकडायला रुंद आणि पातळ होतं. मांडवातलं पान रूपासाठी, उन्हातलं गुणासाठी.

आता ते कोठार. खुडलेली पानं सुईनं दोऱ्यात ओवतात आणि आडव्या काठ्यांवर टांगतात. कोठार बांधतानाच दिशा पाहिलेली असते: सकाळचं ऊन एका टोकाला, संध्याकाळचं दुसऱ्या टोकाला. हवा दमट झाली की दारं लावायची, कोंदट वाटली की उघडायची. साधारण पन्नास दिवस हेच. पानं हिरव्याची पिवळी होतात, पिवळ्याची तपकिरी.

आपल्याला वाटतं, पान वाळतंय. खरं तर ते अजून जिवंत असतं. झाडापासून तुटलं तरी अंगात ओल आहे तोवर पानाच्या पेशी श्वास घेत राहतात आणि त्यासाठी साठवलेला पिष्टमय भाग, साखर खर्च करतात. घरची शिदोरी संपेपर्यंत पान जगतं. म्हणून वाळवणाऱ्याचं सगळं कसब ओल सावकाश काढण्यात. झटकन वाळलं तर पान हिरवटच मरतं, फार रेंगाळलं तर कुजतं. सिगारेटच्या तंबाखूचा मार्ग अगदी उलटा. आंध्रातला व्हर्जिनिया तंबाखू भट्टीच्या उष्णतेनं आठवडाभरात वाळवतात. पान लवकर मरतं आणि साखर आतच राहते.

इथे चुन्याचं कोडं सुटतं. साखर जळली की धूर आम्लधर्मी होतो. आम्लात निकोटिन क्षाराच्या रूपात बांधलेलं राहतं, तोंडाच्या आतल्या त्वचेतून ते सहज पार होत नाही. म्हणून सिगारेट ओढणारा धूर छातीत घेतो. सिगारच्या पानानं साखर कोठारातच संपवलेली असते, त्यामुळे त्याचा धूर अल्कधर्मी. अल्कात निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतूनच रक्तात शिरतं. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात खेळवून सोडतात, ते यामुळे. आणि चुना? तोही अल्कच. क्यूबातल्या शेतकऱ्याला पन्नास दिवस लागतात ते रसायन पारावरचा माणूस अंगठ्यानं अर्ध्या मिनिटात उरकतो!

कोठारातून निघालेलं पान मात्र अजून उग्र असतं. ते थोडं ओलसर करून, जुड्या बांधून, ढीग रचतात. ढिगाला तिकडे ‘पिलोन’ म्हणतात. दाबून रचलेल्या ओल्या गवताची गंजी आतून तापते, तसाच हा ढीगही आपोआप तापतो. पानातली विकरं आणि सूक्ष्मजीव कामाला लागतात, प्रथिनं फुटतात, अमोनियाचा नाकात झोंबणारा वास सुटतो. ढिगात खुपसलेल्या तापमापकावर सारखं लक्ष. पहिल्या खेपेला ३५ अंशांच्या आसपास, पुढच्या ढिगात ४२पर्यंत. पारा पुढे सरकू लागला की ढीग मोडायचा, पानं झटकायची, वरची आत आणि आतली वर करून पुन्हा रचायचा. पान करपलं तर गेलं, थंड राहिलं तर कच्चं राहिलं. यानंतर पानं राजताडाच्या विरीत बांधून मुरायला ठेवतात. आपल्या पोफळीच्या विरीची ही चुलतबहीण. कुठलं पान काही महिने मुरतं, तर लिहेरो दोन वर्षं किंवा जास्तही.

मग पान येतं वळणाऱ्याच्या पाटावर. या कारागिराला म्हणतात ‘तोर्सेदोर’. त्याच्या हाताशी एक फळी, ‘चाव्हेता’ नावाचं बाकदार पातं आणि वनस्पतीजन्य डिंकाची वाटी, एवढंच. मुरलेलं पान पापडासारखं मोडतं, म्हणून आधी त्याला पुन्हा ओल देतात, मग ते रेशमासारखं लवतं. तोर्सेदोर आतली पानं मुठीत चुण्या घालून जमवतो, म्हणजे लांबीभर हवेला वाट राहते. सावकाश जळणारं लिहेरो नेमकं मध्ये बसतं. त्याभोवती बांधणीचं पान, साच्यात दाब, आणि शेवटी मांडवात वाढलेलं ते सुंदर पान. त्याची मधली शीर काढली की दोन भाग होतात, डावा आणि उजवा. शिरा दोन्हींत उलट कलतात, म्हणून गुंडाळायची दिशाही उलट. टोकाला पानाचीच नाण्याएवढी टोपी डिंकानं चिकटवली की झालं. कसलेला हात दिवसाला असे शंभरेक वळतो. जाडी मोजतात इंचाच्या चौसष्टाव्या भागात. ‘५०’ लिहिलं असेल तर सिगार जवळपास दोन सेंटिमीटर जाड.

हात गुंतलेले, कान मोकळे. त्यातून एक विलक्षण प्रथा जन्मली. १८६५मध्ये हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात कामगारांनी आपल्यातलाच एक जण वाचायला बसवला. त्याची मजुरी बाकीच्यांनी आपल्या कमाईतून भरून द्यायची. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, राजकारण. पातं चालतंय आणि वाचन चालू आहे. स्पॅनिश सरकारला याचा धोका लगेच कळला, पुढच्याच वर्षी बंदी आली. प्रथा मात्र मेली नाही. क्यूबातले कामगार अमेरिकेत फ्लोरिडातल्या टाम्पाला गेले तेव्हा वाचकही सोबत गेला. क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी झटणारा कवी होसे मार्ती १८९१मध्ये याच टाम्पात भाषणं द्यायला आला होता. त्याला ऐकायला जमलेल्यांना ऐकायची सवय अशी आधीपासून लागलेली. १९३५मध्ये निघालेल्या ‘माँटेक्रिस्तो’ या सिगारचं नाव फ्रेंच लेखक द्यूमाच्या कादंबरीवरून आहे. वाचनाच्या बाकाशेजारी जन्मलेल्या वस्तूला शोभेल असंच.

वळलेला सिगार लगेच पेटीत जात नाही. वळताना दिलेली जादा ओल आधी उतरावी लागते, त्यासाठी तो कपाटांच्या थंड खोलीत विसावतो. मग रंगाप्रमाणे निवड होते. आपल्या डोळ्यांना सगळे तपकिरीच, निवडणाऱ्याला त्यात डझनावारी छटा दिसतात. एका पेटीत डावीकडून उजवीकडे गडदपासून फिक्याकडे, असे ते रांगेत झोपतात.

पेटीतही ओलीचा पहारा सुटत नाही. सिगारला हवा ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि सोळा ते वीस-एकवीस अंश तापमान. कमी ओलीत तो ठिसूळ होऊन भरभर जळतो, सुगंधी तेलं उडून जातात. जास्त ओलीत फुगतो, फुटतो, बुरशी धरतो. म्हणून ह्युमिडोर नावाची पेटी, आतून ‘स्पॅनिश सीडर’ लाकडाची. नाव फसवं आहे. हे झाड ना स्पेनचं, ना देवदाराच्या नात्यातलं. ते अमेरिका खंडातलं, आणि कुळ म्हणाल तर आपल्या कडुनिंबाचं! लाकूड ओल शोषतं, गरजेला परत देतं, आणि वासानं किडींना दूर ठेवायला हातभार लावतं.

पेटीतला आर्द्रतामापक खरं सांगतो का, हे तपासायची युक्ती मला फार आवडते. बाटलीच्या टोपणात मीठ घ्यायचं, चिखलासारखं होईल इतपतच पाणी घालायचं आणि मापकासह हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवायचं. काटा ७५ टक्क्यांवर थांबला पाहिजे. मीठ पूर्ण विरघळलेलंही नाही आणि कोरडंही नाही, अशा अवस्थेत ते आपल्याभोवतीची हवा नेमकी ७५ टक्क्यांवर धरून ठेवतं. हवा कोरडी असेल तर पाणी सोडतं, दमट असेल तर ओढतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते याच आकड्यापाशी. कोकणातल्या आषाढात सिगारच्या पेटीला ओल देणं नव्हे, काढणं हेच काम असतं.

किडीचा धोकाही ओळखीचाच. तंबाखूच्या पानात बारीक भोकं पाडणारा तपकिरी भुंगेरा हळदीतही शिरतो आणि मसाल्यातही. ऊब वाढली की त्याची अंडी फुटतात. सांगलीजवळच्या हरिपूरला पूर्वी हळद जमिनीतल्या पेवांत बंद करत, तिथे किड्याला श्वासापुरती हवाच मिळत नसे. क्यूबावाले निर्यातीआधी सिगार गोठवतात. शत्रू एक, उपाय दोन.

शेवटी आग. टोपीचा वरचा भाग तेवढा धारदार कातरीनं उडवायचा; खाली कापलं तर सगळं पान उलगडतं. पेट्रोलचा लायटर नको, वास पानात उतरतो. ज्योत थेट लावायची नाही, टोक फिरवत शेकायचं. मग मिनिटाला साधारण एकच झुरका. घाई केली की निखारा तापतो आणि धूर कडवट होतो. चवीचा मोठा भाग खरं तर नाकाचा, म्हणून थोडा धूर नाकावाटे सोडणारेही असतात. राख म्हणजे मातीतून पानात चढलेले क्षार: कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. १८८७च्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स राखेवरून तिरुचिरापल्लीचा चिरूट ओळखतो. आणि सिगार कधी चुरडून विझवत नाहीत. बाजूला ठेवला की तो आपला आपण विझतो.

हे सगळं थक्क करणारं आहे, निरुपद्रवी मात्र नाही. धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा, अन्ननलिका त्याच्या वाटेतच असतात. या तिन्हींचा कर्करोग सिगारमुळे होतो, फुप्फुसांचाही. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. निकोटिन मोकळं करणारं अल्क पारावर काय आणि हवानात काय, त्याला एकाच वाटेनं रक्तात नेऊन सोडतं. झाडानं निकोटिन किड्यांसाठी केलं होतं, हे विसरू नये.

मी सिगार ओढत नाही. पण शेत, कोठार, ढीग, पाट, पेटी, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ओल बोटांनी चाचपतंय, थोडी देतंय, थोडी काढतंय, हे कळल्यापासून ती वस्तू मला धुरापेक्षा पाण्याची वाटू लागली आहे. येत्या पावसाळ्यात मिठाच्या बरणीत चमचा चिकटला, की हवा पंचाहत्तरच्या वर गेली हे माझ्या ध्यानात येईल. आणि हळद कोरडी आहे ना, हे पाहायला मी डब्याचं झाकण उघडीन.