शिक्षक व्हावे काय?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, म्हणजे घरोघरी एकच चर्चा सुरू होते : आता पुढे काय? डॉक्टरी, इंजिनियरी, बँक, सरकारी नोकरी अशी नावे क्रमाने घेतली जातात, आणि यादी संपत आली व गुण मात्र पुरेनात, म्हणजे कोणी वडीलधारे माणूस सुस्कारा टाकून म्हणते, “काहीच जमले नाही, तर मास्तर तरी होईल.” ज्याच्या हाती आपण आपले मूल रोज पाच-सहा तास सोपवतो, त्याचा पेशा या यादीच्या तळाशी का असावा, याचा पालकांनी एकवार विचार करावा. शिक्षणशास्त्र शिकून शिक्षक होणे म्हणजे काय, त्याचा मार्ग कोणता आणि तो कोणी पत्करावा, हे विद्यार्थ्यांस व पालकांस स्पष्ट करून सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिला गैरसमज असा की, ज्याला विषय येतो त्याला तो शिकवता येतोच. एका उदाहरणाने यातील चूक ध्यानी येईल. पाचवीच्या वर्गात विचारा, “एक-तृतीयांश मोठा की एक-चतुर्थांश?” पुष्कळ मुले एक-चतुर्थांश असेच उत्तर देतील. ज्याला केवळ गणित येते तो “चूक” म्हणून पुढच्या मुलाकडे वळेल, किंवा छेद मोठा तर अपूर्णांक लहान, हा नियम दहा वेळा घोकून घेईल. ज्याने अध्यापनाचा अभ्यास केला आहे तो मात्र ओळखतो की, या चुकीच्या मुळाशी आळस नसून तर्क आहे. तीनापेक्षा चार मोठे, हे त्या मुलाला आजवर सर्वत्र खरे ठरलेले दिसले आहे; मग येथेच ते खोटे कसे ठरावे? असा शिक्षक दोन सारख्या भाकऱ्यांची चित्रे फळ्यावर काढतो. एक तिघां भावंडांत वाटावयाची, दुसरी चौघांत. “भूक लागली असता तू कोणत्या घरी जेवावयास बसशील?” असे तो विचारतो. वर्गात हशा पिकतो आणि नियम मुलांच्याच तोंडून बाहेर पडतो. गणित दोघांसही सारखेच येत होते. मूल कसे विचार करते, हे मात्र एकालाच ठाऊक होते. शिक्षणशास्त्र ते हेच.

हे शास्त्र काही आजकालचे नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ हर्बर्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारांवरून त्यांच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या ठरवल्या. मुलाला जे आधी ठाऊक आहे तेथून आरंभ करावा, मग नवे मांडावे, जुन्याशी त्याची तुलना करावी, त्यातून नियम काढावा व शेवटी तो वापरून पाहावा, असा त्यांचा क्रम. आपल्याकडील अध्यापक विद्यालयांत ‘पंचपदी’ या नावाने छात्राध्यापकांच्या पिढ्यानुपिढ्यांनी ती गिरवली. बालमानसशास्त्र, मूल्यमापन, पाठटाचण व सराव पाठ ही सर्व या शिक्षणाची अंगे होत.

आपल्या महाराष्ट्रात या प्रशिक्षणाचे महत्त्व फार पूर्वी ओळखले गेले. सावित्रीबाई फुले यांचे नाव कोणास ठाऊक नाही? १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपण वाचतो. परंतु अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यास नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. धैर्य तर त्यांच्या अंगी होतेच. त्याला त्यांनी विद्येची जोड दिली.

दुसरे उदाहरण गिजुभाई बधेका यांचे. ते व्यवसायाने वकील होते. मुलांच्या शिक्षणाचा ध्यास लागल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगर येथे बालमंदिर स्थापन केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला व नंतर ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखावयास जात. सबब ती शाळेत येत ना. तेव्हा या बायांनी शाळाच कुरणावर नेली! ‘मूल शाळेत का येत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर मुलाला दोष न देता शोधणे, ही शिक्षकाच्या बुद्धीची खरी कसोटी होय.

आता आजचा मार्ग सांगतो. बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका घेतली असता प्राथमिक वर्गांचा मार्ग खुला होतो. माध्यमिक शाळेत शिकवावयाचे तर पदवी व तीनंतर बी.एड. आवश्यक असते. पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा असे. २०१५ साली तो दोन वर्षांचा झाला व त्यात प्रत्यक्ष शाळेतील अनुभवासाठी वीस आठवडे राखले गेले. २०२३ सालापासून काही निवडक संस्थांत बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही निघाला आहे. केवळ बी.एड.च्या बळावर पहिली ते पाचवीचा शिक्षक होता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. म्हणून लहान मुलांस शिकवण्याची ज्यांस आवड आहे त्यांनी आरंभीच योग्य वाट धरावी. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही आहे. तिची प्रत्येक प्रश्नपत्रिका दीडशे गुणांची असून सर्वसाधारण उमेदवारास नव्वद गुण मिळवावे लागतात. नियम वेळोवेळी बदलतात. यास्तव प्रवेशापूर्वी चालू वर्षाची माहितीपत्रके अवश्य पाहावीत.

या वाटेवरील काटेही लपवून ठेवणे योग्य नव्हे. प्रशिक्षण पुरे झाले म्हणजे नेमणूक ठेवलेलीच, असे नाही. भरती पुष्कळदा वर्षानुवर्षे लांबते, आणि विनाअनुदानित शाळांत अल्प वेतनावर काम करणारे पदवीधर गावोगाव आढळतात. नेमणूक झाल्यावरही शिक्षण सेवक म्हणून आरंभीची तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढावी लागतात. २०२३ साली हे मानधन वाढून प्राथमिकास दरमहा सोळा हजार व माध्यमिकास अठरा हजार रुपये झाले. घरच्या एकट्या मिळवत्या माणसाने हा हिशेब आधी मांडावा. तो मांडणे म्हणजे ध्येयशून्यता नव्हे. शिवाय वर्गाबाहेर वह्या तपासणे, नोंदी ठेवणे, निवडणुकीची व जनगणनेची कामे करणे, हेही शिक्षकाच्या वाट्यास येते.

मग हा पेशा कोणी पत्करावा? विद्यार्थिमित्रहो, याची परीक्षा घरीच घेता येते. शेजारचे एखादे मंदगती मूल महिनाभर रोज अर्धा तास शिकवून पाहा. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगताना तुमचा आवाज चढतो, की सांगण्याची नवी रीत सुचते? मूल चुकले असता राग येतो, की ते असे का चुकले याचे कुतूहल वाटते? आणि त्याला उमगले त्या क्षणी झालेला आनंद स्वतःचे गुण पाहून होणाऱ्या आनंदापेक्षा उणा वाटतो काय? दुसऱ्याचे उमगणे ज्याला आपल्या यशाइतके गोड वाटते, त्याने खुशाल शिक्षक व्हावे. ज्याला तसे वाटत नाही त्याने दुसरा कोणताही प्रामाणिक धंदा करावा. त्यात कमीपणा नाही. परंतु केवळ सुट्ट्या पुष्कळ मिळतात म्हणून या वाटेस कोणीही येऊ नये. कंटाळलेल्या कारकुनाच्या हातून कागद बिघडतो, तो पुन्हा लिहिता येतो. कंटाळलेल्या शिक्षकाच्या वर्गात गेलेले मुलाचे वर्ष परत आणता येत नाही.

पालकांस नम्र विनंती एवढीच की, आपल्या हुशार मुलाने वा मुलीने “मला शिक्षक व्हायचे आहे” असे म्हटले, तर त्याला हसू नये. खर्चाचा, मिळकतीचा व नेमणुकीच्या विलंबाचा विचार त्याच्यासह बसून करावा आणि मग त्याच्या निवडीच्या पाठीशी उभे राहावे. उद्या तुमची नातवंडे कोणाच्या हाताखाली शिकतील, हे आज अशाच घरांतून ठरत आहे.